कोरं कापड

कोरं कापड मी कधी तसंच कापत नाही.
रात्रभर बादलीत बुडवते, सकाळी दोरीवर टाकते,
आटायचं ते आटू देते.
मग कात्री.
एकोणीस वर्षं दर्यापूरच्या बाजारओळीत मशीन चालवून
एवढं एकच शास्त्र मला येतं.

बबलू दलाल म्हणाला, ताई, इसार आजच द्या,
अकोल्याची पार्टी उद्या येऊन राह्यली.
म्हटलं, येऊ दे. त्यांनाही चहा पाज.
डब्यातले पैसे डब्यातच ठेवले:
ब्लाउजांचे, फॉल-पिकोचे, शाळेच्या गणवेशांचे,
आणि जिनिंगमधून आल्यावर नवरा जे न मोजता हातावर ठेवतो ते.
बँकेचा साहेब म्हणाला, याहून दुप्पट कर्ज बसतं तुम्हाला.
बसत असेल.
मी हप्ता लग्नसराईवर नाही मांडला,
पौषावर मांडला,
जेव्हा मशीन दोन-दोन दिवस झाकलेली असते.

घर पहिल्यांदा पाहिलं वैशाखात, भर दुपारी.
मागच्या भिंतीला भेग, पेरभर बोट आत जाईल अशी.
"काळी माती हाय बाई," रामराव ढोकणे हसले,
"उन्हाळ्यात तोंड उघडते, पावसाळ्यात मिटते."
माती मिटते.
भिंतीचं ते काही बोलले नाहीत.

टेप माझ्या गळ्यातच असतो.
कागदावर तीस फूट, जमिनीवर सव्वीस.
रामरावांनी नमुना आठ पुढे केला, घडी मोडून, अगदी मानानं.
आमच्या गल्लीतले रिटायर तलाठी तो उन्हात धरून म्हणाले,
हा कर कोण भरतो ते सांगतो, पोरी.
घर कोणाचं, ते नाही सांगत.

म्हणून श्रावणात परत गेले. न कळवता, छत्री घेऊन.
भेग तिथंच होती, पोटात सिमेंट भरून.
मोरीचं पाणी शेजारच्या अंगणात शिरत होतं
आणि शेजारीण खराटा घेऊन उभी होती.
तिच्याशी अर्धा तास बोलले.
बबलूच्या दोन महिन्यांहून जास्त कळलं.

निघताना मागे वळून पाहिलं.
पावसानं दर्शनी भिंतीचा चुना धुपला होता
आणि खालून निळी अक्षरं वर आली होती,
कुण्या पेंटरनं हौसेनं काढलेली, बाजूला एक कलश:
शुभविवाह
चि. सौ. कां. वच्छला

रामराव म्हणाले होते, मी एकलाच. ना भाऊ ना बहीन.

तेल्हाऱ्याची एसटी.
तिथं विचारत विचारत एक दार.
मुगाच्या शेंगा सोलत बसलेली बाई,
रामरावांचंच नाक.
मी काही लपवलं नाही. किंमत सांगितली, भेग सांगितली,
भिंतीवरचं नाव सांगितलं.
ती बराच वेळ शेंगाच सोलत राहिली.
"निया होता ना रंग?" तिनं विचारलं.
हो म्हटलं.
"दादानं मले इचारलंच नाई."
मग पदराला हात पुसून म्हणाली,
"सही करीन मी. माहा हिस्सा घेऊन करीन, फुकट नाई.
पन तू ते घर घेशील तं आधी एक पाह्य.
त्या हिरीच्या पान्यात डाय शिजत नाई.
मायनं जलमभर नदीपल्याडून पानी आनलं.
मी तं म्हनून लगन लवकर केलं."
आणि हसली. मला हसावं की नाही कळलं नाही.

आज त्या विहिरीचं पाच लिटर पाणी
तेलाच्या जुन्या कॅनमध्ये भरून आणलंय.
अर्धं पातेल्यात. मूठभर तूरडाळ.
कुकर नाही, झाकण नाही.
दोन तास झाले.
नवरा दारात बसून विचारतो, झालं का?
बबलूचा फोन तिसऱ्यांदा वाजतो.
डबा फळीवर, बंद.

मी पळीवर एक दाणा घेते,
फुंकते,
दोन बोटांत दाबून पाहते.